पट्टी बांधेपर्यंत

नवरा नव्हे, फरारी चोर सांभाळत होते मी त्या दिवसांत. पोस्टमन दिसला की हे देवळाच्या तळ्याकडे वळायचे. चहाच्या टपरीवर जाणं बंद, कारण तिथे टेलिफोन. बांधावरून कुणी ओळखीचं येताना दिसलं की हे खांबाआड. आणि वर मलाच दटावणं, "नारायणीकुट्टी, कुणी काय म्हणतंय ते तू ऐक हवं तर, पण नंतर माझ्यासमोर येऊ नकोस. तुझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असतं."

असू दे लिहिलेलं! माणसाचं तोंड आहे, देवळातला दगड नाही.

त्याचं असं होतं. यांची थोरली बहीण उमा, तिला आम्ही लहानथोर सगळे ओप्पोळ, म्हणजे ताईच म्हणायचो, ती नदीपल्याड घरी अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. आणि इकडे देवळात यांचा मारुतीचा खेळ उभा राहिलेला. वर्षातून एकदाच होतो, याच देवळात, आणि याच घराण्यातल्या चाक्यारानं, म्हणजे परंपरेच्या नटानं करायचा. दिवसच्या दिवस चालतो. मारुती समुद्र ओलांडतो, लंका धुंडाळतो, शेवटच्या दिवशी सीतेच्या हातात अंगठी ठेवतो आणि मग खेळ पुरा होतो. मधे सुतक आलं की मोडला. सुतक असलेल्या माणसानं देवळाचा उंबरा ओलांडायचा नाही, मग खेळ कसला करणार?

सवलत एकच. नट रंगायला बसण्याआधी दिव्यासमोर कपाळाला लाल पट्टी बांधतो. एकदा ती गाठ बसली की तो कुणाचा मुलगा नाही, कुणाचा भाऊ नाही. जन्मदात्री गेली तरी पट्टी सुटेपर्यंत त्याला सुतक लागत नाही. शिवाय सुतक लागतं ते कानावर पडल्यावर. ऐकलंच नाही तर लागणार कुठून? म्हणून हा सगळा लपंडाव. पट्टी कपाळावर असली की आमचे श्रीकंठन चाक्यार वाघ, आणि सुटली की बिळातला उंदीर.

रात्री देवळाच्या ओसरीवर निजायचे, तेही कानात कापूस घालून. पेज प्यायला बसले की फणसाच्या पानाचा चमचा हातात तसाच राहायचा आणि मान वेशीच्या दिशेला. मी चिडायचे. "अहो, इतका जीव तुटतोय तर एकदा जाऊन भेटून का येत नाही?"

"आणि मी तिथे असतानाच झालं म्हणजे?"

"झालं तर झालं. बहीण आहे ती तुमची."

"तुला कळत नाही," म्हणायचे, की मग मी भांडी आपटत उठायचे.

कळत मला होतं. यांच्या मामांच्या वेळी हा खेळ एकदा मोडला होता. असंच मधे सुतक आलं, मामांनी अर्ध्यावर मुकुट उतरवला. त्याच वर्षी ओप्पोळचं पहिलं बाळ गेलं, पाळण्यात, हसतंखेळतं. घरातल्या कुणी मोठ्यानं म्हटलं नाही, पण सगळ्यांच्या मनात तेच. मोडलेला खेळ घरातल्या लेकरावर येतो. आणि आमच्याकडे घर चालतं ते आईच्या बाजूनं. आमची पोरं माझ्या घरची, यांच्या घरचा वंश म्हणजे बहिणीची मुलं. तिथे आता एकटा उण्णी. बहिणीचा तो एकच मुलगा, बँकेत नोकरीला, लग्नाला दोन पावसाळे झालेले. भाच्याला यांनी लहानपणी शिकवायला घेतलं होतं. डोळे फिरवायच्या मेहनतीला बसवलं की पोरगा पळून जाऊन आंब्यावर चढायचा. विद्या नाही आली, पण यांचा जीव त्याच्यात. हे घाबरत होते ते उण्णीसाठी.

हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर मी भांडी तरी आपटली नसती.

शेवटचा दिवस उजाडला. ओप्पोळकडून काही आलं नव्हतं. म्हणजे यांनी काही येऊ दिलं नव्हतं. सकाळपासून नुसत्या येरझारा. माझा भाऊ अच्युतन नंब्यार मिळावूवर हात फिरवत बसला होता. तांब्याचा हा एवढा मोठा हंडा, तोंडाला कातडं, लाकडी चौकटीत बसवलेला. अच्युतन त्याची काळजी घेतो तशी त्यानं बायकोची कधी घेतली नाही. तो हसत म्हणाला, "दाजी, तुमचा मारुती समुद्र ओलांडतो आणि तुम्हाला ही नदी ओलांडवत नाही."

"तू वाजव. तेवढंच काम आहे तुझं."

"वाजवतो ना. पण बसा एका जागी. तुमच्या चालण्यानं माझा ताल चुकतोय."

मी तळ्यावर गेले. खेळात टाळ धरायचं काम माझं, आणि त्याला बसायचं म्हणजे डोक्यावरून न्हायलाच हवं. पायरीवर शेवटची बुडी मारून वर आले आणि बघते तर पलीकडे रस्त्यावर एक गाडी धूळ उडवत येऊन थांबली. दार उघडलं. उण्णी. सदरा चुरगळलेला, दाढी वाढलेली, आणि पळत सुटलेला. गेली, मी मनात म्हटलं. गेली बाई ओप्पोळ.

ओलेत्यानंच मी धावले. पण तो माझ्यापुढे होता. पाय न धुता तो आत शिरला आणि थेट रंगपटाच्या दारात.

हे दिव्यासमोर बसायच्या बेतात होते. पट्टी पाणी शिंपडून पाटाशेजारी ठेवलेली. दारात उण्णीला बघितलं मात्र, दोन्ही हातांनी कान झाकून ओरडले, "बोलू नकोस! एक शब्द बोलू नकोस!"

"मामा, अहो..."

"तोंड बंद! हात ठेव तोंडावर!"

पस्तिशीचा बाप्या, बँकेत लोक साहेब म्हणतात त्याला. पण लहानपणची धास्ती कुठे जाते? त्यानं खरंच तोंडावर हात ठेवला. डोळे मात्र फाटलेले. काहीतरी सांगायला जीव नुसता कासावीस.

मी धापा टाकत पोचले. "उण्णी, इकडे ये. मला सांग बाहेर येऊन. मला कुठलं तुमच्या घरचं सुतक?"

"खबरदार!" हे माझ्यावर खेकसले. "तू ऐकलंस की मला कळलंच. तुझं तोंड बघूनच कळेल."

"मग डोळे मिटा!"

"नारायणी, आजचा दिवस. एवढाच एक दिवस. पाया पडतो तुझ्या."

चाळीस वर्षांच्या संसारात या माणसानं माझ्यापुढे कधी असा आवाज काढला नव्हता. अच्युतननं मान खाली घातली.

हे पाटावर बसले. मला वाटलं, आता झटकन गुंडाळतील. पण नाही. दिव्याला हात जोडले, डोळे मिटले, एकेक देव आठवायला लागले, गुरूंना, मामांना, त्यांच्या मामांना. ओठ हलतायत. दारात उण्णी तोंडावर हात धरून उभा, आणि त्याचा दुसरा हात दाराच्या चौकटीवर सारखा आपटतोय. बाहेर गाडीवाल्यानं भोंगा वाजवला. उण्णीनं मागे बघितलं, पुन्हा मामाकडे बघितलं. पोरगा रडकुंडीला आला होता. मला वाटलं, बिचाऱ्याला आईचं दुःखसुद्धा मोकळेपणानं सांगता येत नाही. जळ्ळा मेला हा खेळ!

पट्टी कपाळावर आली. मागे गाठ बसली. यांनी गाठ एकदा ओढून बघितली, मग आणखी एकदा. मग लांब श्वास सोडला. खांदे खाली आले, चेहरा शांत झाला.

"आता सांग, बाळा," हे म्हणाले. आवाज अगदी मऊ. "कधी गेली?"

उण्णीनं हात खाली घेतला. "गेली कुठे? आहे ती, मामा! सकाळी शुद्धीवर आली. डोळे उघडले, पेज मागितली. तुमचं नाव घेतेय सारखं. डॉक्टर म्हणाले, दिवा विझताना मोठा होतो तसंच हे, आज संध्याकाळ काढली तर नशीब. म्हणून गाडी घेऊन आलो तुम्हाला न्यायला. तासाभराचा तर रस्ता आहे!"



"मग बोलला का नाहीस, मेल्या!" मीच ओरडले.

"बोलू दिलंत का तुम्ही?"

अच्युतन पुटपुटला, "खेळ उशिरा सुरू झाला असता तरी काय बिघडणार होतं. सांजेला रंगायला बसला असता." मग त्यानं जीभ चावली. पण बोलायचं ते बोलून गेला. आणि खरंच होतं ते. पट्टी बांधायच्या आधी मुभा होती. जाऊन, बहिणीला भेटून, परत येऊन बसता आलं असतं. कुणी देवानं घड्याळ लावलं नव्हतं. बांधल्यावर मात्र त्या दिवसाचा खेळ पुरा झाल्याशिवाय ती गाठ सुटत नाही, आणि पट्टीतल्या नटानं देवळाबाहेर जायचं नाही. सुतक बाहेर राहावं म्हणून जी गाठ मारली तिनं यांनाच आत कोंडलं.

यांचा हात मागे गाठीकडे गेला आणि तिथेच थांबला.

"सोडा," मी म्हटलं.

"सोडा ना मामा. गाडी उभी आहे," उण्णी म्हणाला.

"शेवटचा दिवस आहे, उण्णी."

"मग काय झालं? पुढच्या वर्षी करा."

"मोडलेला खेळ कुणावर येतो, तुला ठाऊक आहे का?"

"माझ्यावर ना? येऊ दे. मी मानत नाही असलं काही."

"तू मानत नाहीस म्हणून ते यायचं थांबत नाही, बाळा."

"अहो, सोडा ती चिंधी!" माझ्या तोंडून गेलं. अच्युतन दचकून कानावर हात ठेवून बसला. पट्टीला चिंधी कुणी म्हणत नाही. मीही नव्हते कधी म्हटलं. पण मला डोळ्यांपुढे ओप्पोळ दिसत होती. चाक्यारांच्या घरच्या बायका रंगमंचावर पाय ठेवत नाहीत, तो मान आम्हा नंग्यारांचा, नंब्यारांच्या घरच्या बायकांचा. पण त्या बाईला यांचा सगळा पाठ तोंडपाठ होता, स्वयंपाकघरात विळीवर नारळ खवताना ऐकून ऐकून. हे अडले की आतून आवाज यायचा, पुढचा शब्द. माझ्याशी तिचं जन्मभर वाकडं, आमटीत मीठ कमी म्हणून अख्खी दुपार बोलायची. पण बाळंतपणात माझे पाय चेपले ते तिनंच.

हे उठले नाहीत. उण्णीकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आईला सांग, मी येतोय. गाठ सुटली की निघतोच."

"तोवर ती थांबेल?"

उण्णी उभाच. मामा आता उठेल, मग उठेल, असं वाटत असावं त्याला. मीही वाट बघत होते. बाहेर भोंगा पुन्हा वाजला. शेवटी तो म्हणाला, "ठीक आहे. मी आईपाशी जातो." आणि गेला तो मागे वळून न बघता. गाडी गेल्याचा आवाज आला तेव्हा यांनी तांदळाच्या पिठाच्या वाटीत बोट बुडवलं आणि तोंड रंगवायला घेतलं.

दुपारभर मी त्या माणसाशी बोलले नाही.

खेळ सुरू झाला. प्रेक्षक ते काय, चार म्हातारे, एक देवळाचा कारभारी आणि समोर देव. मी उजवीकडे जमिनीवर बसलेली, हातात टाळ. मला वाटलं, लवकर आटपलं तर? मी टाळ जरा घाईनं वाजवायला लागले. अगदी थोडा, कुणाला कळणार नाही इतका. अच्युतनला कळलं. त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या भावानं, ज्यानं आयुष्यात तालाशी बेइमानी केली नाही त्यानं, मिळावूची लय वाढवली. आम्ही दोघं भावंडं मिळून मारुतीला पुढे ढकलत होतो.

आणि हेही आले. खरं सांगते, आले! दोन वळणं, तीन वळणं, पावलं आमच्याबरोबर पळायला लागली. जे दाखवायला नेहमी कितीतरी वेळ घ्यायचे ते भुवईच्या एका उचलीत उरकलं. मी मनात म्हणतेय, चला, चला, आता अंगठी द्या नि चला. रंगाखालून घाम ओघळत होता. डोळे तांबडे झालेले, ते मारुतीचे नव्हते, माझ्या नवऱ्याचे होते.

मग सीतेचा प्रसंग आला. मारुती निरोप घेऊन आलाय, आणि ती ऐकूनच घेत नाही. हा राक्षसांचाच कावा असेल म्हणून तोंड फिरवते. सगळी पात्रं एकटा नटच दाखवतो; यांनी सीतेचं ते तोंड फिरवणं दाखवलं. हात कानांवर गेले. गेले ते तिथेच थांबले.

किती वेळ थांबले कोण जाणे. अच्युतन एका बोटानं कातड्यावर नुसती थाप धरून होता. म्हातारे डोळे पुसत होते. त्यांना वाटलं, काय अभिनय आहे! कप्पाळ त्यांचं. मग हात हळूहळू खाली आले आणि त्यानंतर यांनी घाई केली नाही. मी टाळ पुढे ओढायचे, हे पाय रोवून उभे. डोळ्यांनी मला म्हणाले, नको. एकही मुद्रा गाळली नाही. अंगठी दिली ती इतकी सावकाश, की मला उठून हिसकावून घ्यावीशी वाटली.

दिवे लागायच्या वेळी खेळ पुरा झाला. मुकुट उतरला, हातपाय धुतले, शेवटचं नाचून दिव्याची वात देवाला दाखवली. सगळं रीतीप्रमाणे. खेळ मोडला नव्हता. कारभारी म्हणाला, "वा! घराण्याचं नाव राखलंत." यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. अर्धवट पुसलेल्या रंगानं, कपाळावर पट्टी तशीच, अंगणातून भराभर देवळाच्या दाराकडे निघाले. मी मागे.

दाराच्या दगडी उंबऱ्याबाहेर उण्णी उभा होता.

"आलास? बरं झालं," हे लांबूनच म्हणाले. "चल, आलोच मी. कशी आहे ती?"

उण्णी उंबऱ्याकडे बघत राहिला.

"अरे, आत ये ना. दाराबाहेर काय उभा?"

तो आत आला नाही. दुपारी न धुतलेल्या पायांनी थेट रंगपटापर्यंत धावलेला पोरगा, आता उंबऱ्यापासून हातभर लांब उभा होता. आणि आम्हाला कळलं. आमच्यातल्या कुणालाही कळलं असतं. सुतक असलेला माणूस देवळाचा उंबरा ओलांडत नाही.

हे जागच्या जागी थांबले. पट्टी होती कपाळावर. रीतीनं त्यांना अजून काही लागत नव्हतं. पण माणसाला लागतं ते लागतंच. एवढासा झाला तो चेहरा.

"तुला भेटली ना पण?" यांनी विचारलं. "तू होतास ना जवळ?"

उण्णीनं नाही म्हणून मान हलवली. "मी अंगणात गाडी लावली, तेव्हा बायका रडायला लागल्या होत्या. आत गेलो तर अंग गरम होतं अजून." मग त्यानं सदऱ्याच्या बाहीनं नाक पुसलं. "थोडक्यात हुकलं, मामा. तुमच्यासाठी उचलायचं थांबवलंय. चला."

थोडक्यात. पट्टी बांधायला लागला तेवढा वेळ. तोंडावर हात धरून तो उभा होता तेवढा वेळ. ज्या लेकरासाठी या माणसानं कानात कापूस घालून रात्री काढल्या, ज्याच्यावर काही येऊ नये म्हणून बहिणीकडे पाठ फिरवली, त्याच लेकराची आईशी शेवटची भेट यांनी घालवली होती. हे यांना कळत होतं, मला कळत होतं, आणि उण्णी काही बोलत नव्हता म्हणून जास्तच कळत होतं. बोलला असता, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं.

यांचे हात गाठीकडे गेले. गाठ सुटेना. घामानं घट्ट बसली होती. मी पुढे होऊन सोडली. पट्टी माझ्या हातात राहिली आणि हे उंबरा ओलांडून बाहेर गेले.

मागून अच्युतन म्हणाला, "ताई, तू कुठे निघालीस? तुला नाही त्यांचं सुतक. उद्या देवळात टाळ कोण धरणार?"

"घाल चुलीत तुझा टाळ," मी म्हटलं आणि पट्टी त्याच्या हातात कोंबून गाडीत जाऊन बसले. सुतक नाही म्हणे! माझी नणंद मेली होती.

उण्णी पुढे गाडीवाल्याशेजारी बसला. हे माझ्या बाजूला टेकले, तोंडावरचा रंग ओघळून गळ्यापर्यंत आलेला. मग पुढे झुकून उण्णीच्या खांद्याला हात लावायला गेले, पण लावला नाही.

"बाळा," हे म्हणाले, "तुझ्यासाठीच केलं रे मी."

उण्णी मागे वळला. माझ्या नवऱ्याच्या रंगलेल्या तोंडाकडे त्यानं क्षणभर बघितलं. मग हात लांब करून यांच्या बाजूचं दार ओढून घेतलं.

"नीट बसा मामा," तो म्हणाला. "दार लागलं नव्हतं."